नावेत पाय टाकला आणि लाइट गेली

आमच्या जिन्यात एक नियम होता, ज्याची भाषा त्याने सांगायचं. कुणी लिहून लावलेला नव्हता, पण नळाला पाणी यायच्या वेळेसारखा सगळ्यांना पाठ होता. तेव्हा टीव्हीवर एकच चॅनल, आणि रविवारी दुपारी देशातल्या कुठल्यातरी एका भाषेचा सिनेमा लागायचा, खाली इंग्रजी ओळी. भाषा पाळीपाळीने यायच्या, त्यामुळे आपली भाषा एकदा येऊन गेली की पुन्हा तीन-चार महिने वाट बघायची. आठ घरांच्या त्या सरकारी जिन्यात लोकांना मांडी घालून बसता येईल अशी खोली आणि टीव्ही, दोन्ही एकत्र, आमच्याकडेच. टीव्ही लाकडी शटरचा, त्यावर आईने विणलेला रुमाल. जमणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना इंग्रजी येत नसे, आणि जिला येई तिची एक ओळ वाचून होईतो दुसरी येऊन जाई. म्हणून ज्या घराची भाषा, त्या घरातल्या माणसाने टीव्हीशेजारच्या स्टुलावर बसायचं आणि बाकीच्यांना हिंदीत गोष्ट सांगत जायचं. बंगालीला वरच्या मजल्यावरचे दादा, पंजाबीला समोरच्या बीजी, मराठीला आमचे नाना, आणि तमिळला खालचे अण्णा.

अण्णा म्हणजे मणी अण्णा. नानांच्याच ऑफिसात साहेबांचे स्टेनो. आमच्या बरोबर खाली राहायचे, ते आणि मामी, दोघंच. त्यांना मूल नव्हतं, म्हणून मी अर्धी त्यांचीच होते असं म्हटलं तरी चालेल. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक टोपली दोरीने खाली सोडलेली असायची. वरून पुरणपोळी जायची, खालून लिंबाचा भात यायचा, कधी मुरुक्कू, जी आपल्या चकलीची सख्खी बहीण. सकाळी सहाला मामींच्या फिल्टरमधल्या कॉफीचा वास आमच्या चहावर चढून बसायचा आणि नाना दाढी करता करता ओरडायचे, "मणी, एक कप वर पाठव, नाहीतर वास बंद कर." खालून उत्तर यायचं, "चिटणीस, पहले दाढी बनाओ, कॉफी में साबुन गिरेगा." अण्णांची हिंदी अशी की सिनेमातला राजा यायची आणि राणी जायचा. बीजी म्हणायच्या, "अण्णाजी, फ़िल्म तो आप छोड़ दो, बस आप बोलते रहो." पण गोष्ट सांगावी अण्णांनी. सिनेमात कुणी मरायच्या वेळेला स्टुलावर बसल्या बसल्या स्वतःच मान टाकायचे.

आता भांडणाचं सांगते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दिल्लीत मराठी माणसाचं घर म्हणजे धर्मशाळा, हे इथे ज्याने संसार केलाय त्यालाच कळेल. मंत्रालयात कुणाची फाइल अडली, की तो आमच्याकडे. कुणाला मुलाखत, कुणाला मोठ्या डॉक्टरला दाखवायचंय, कुणी संक्रांतीला पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला, जाऊन डोकं टेकवून आलेलं, सगळे आमच्याकडे. नानांना ते आवडायचं. माणूस स्टेशनवरून फोनसुद्धा न करता थेट बिछान्यासकट दारात उभा राहिला की नानांचा चेहरा असा उजळायचा, जणू त्यांचंच प्रमोशन झालंय. त्या वर्षी नानांचे चुलतभाऊ बंडूकाका आपल्या बदलीची फाइल हलवायला आठ दिवसांसाठी आले आणि अकरा महिने राहिले. बाहेरच्या खोलीतली कॉट त्यांची. सकाळचं गरम पाणी त्यांचं. पहिली पोळी त्यांची, आणि ती पातळ हवी. त्याच वर्षी आईला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी महिनाभर अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलं, आणि आई आठव्या दिवशी ओट्याला पोट टेकवून पोळ्या लाटत होती, कारण बंडूकाकांना माझ्या हातच्या चालत नसत. मी अकरावीत होते. मला हे सगळं दिसत होतं, आणि तरी दिसत नव्हतं. आईला कधी काही वाटत असेल, हेच मुळी त्या वयात माझ्या डोक्यात यायचं नाही. ती आई होती, बस.

मग एक दिवस क्वार्टरच्या तपासणीला इन्स्पेक्टर आला. कुणीतरी निनावी अर्ज केला होता की चिटणीसांनी सरकारी क्वार्टरमध्ये भाडेकरू ठेवलाय. बंडूकाका दुसऱ्याच दिवशी गाडीत बसले. पण प्रकरण तेवढ्यावर राहिलं नाही. नानांना मेमो मिळाला, क्वार्टर काढून घेण्याची नोटीस आली, ती कशीबशी थांबली, पण बढतीची फाइल थांबली ती थांबलीच. साहेबांनी तो अर्ज नानांपुढे ठेवला. खाली सही नव्हती, पण तीन फुल्या होत्या. अण्णांची सवय होती ती. टाइप केलेल्या कागदाच्या शेवटी तीन फुल्या मारल्याशिवाय त्यांना मशीनमधून कागद काढवत नसे. ऑफिसातल्या शिपायालासुद्धा त्या फुल्या ओळखता यायच्या. इतका काटेकोर माणूस, निनावी पत्रसुद्धा आपल्या सवयीने पुरं करून मोकळा झाला. नानांनी विचारलं, "मणी, हे तू टाइप केलंस?" अण्णा म्हणाले, "हां." नाना म्हणाले, "का?" त्यावर अण्णा काहीच बोलले नाहीत. त्या दिवसापासून दोन वर्षं ते दोघं एका बसने ऑफिसला जात होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

टोपली मात्र चालू राहिली. बायकांचं बायकांपाशी. मामी रविवारी वर येत राहिल्या, अण्णा नाही. तमिळच्या रविवारी स्टूल रिकामं. मग मीच वाचायला लागले, इंग्रजी ओळी वाचून हिंदीत, आणि घाईत असले की मराठीत. आणि नाना? तमिळ सिनेमा असला की नाना आतल्या खोलीत जाऊन पेपर धरून बसायचे. पेपरचं पान मात्र तीन तास उलटायचं नाही. खाली अण्णा बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे, मामींनीच सांगितलं होतं. आमचं दार उघडं असे, आवाज खाली जाई. एक माणूस वर नुसतं माझं हिंदी ऐकतोय, दुसरा खाली नुसतं तमिळ ऐकतोय, आणि दोघंही सिनेमा बघत नाहीत. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

त्या उन्हाळ्यात अण्णांची मद्रासला बदली झाली. खाली लाकडी खोकी आली, मामी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या. गुरुवारची गाडी होती. त्याआधीच्या रविवारी नेमकी तमिळची पाळी. आई शनिवारपासून गप्प होती. मामींच्यासाठी करोल बागेतून साडी आणली होती, ती पिशवीतून काढलीसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, मैत्रीण चालली म्हणून असेल. नानांकडे बघून मला राग यायचा. चार दिवसांत हा माणूस जाणार, मग कुणाशी भांडाल?

तो सिनेमा. मी त्यानंतर खूप सिनेमे पाहिले, रंगीत, मोठ्या पडद्यावरचे, पण तसा नाही. दोन मित्र, एक शाळामास्तर आणि एक सुतार. घराला घर लागून, मध्ये एकच विहीर, दोन्ही घरच्या बायका एकाच विहिरीवर. कुणी मोठ्याने बोलत नाही. सुतार दार करतोय तर कॅमेरा नुसता त्याच्या हाताकडे, रंध्याखालून निघणाऱ्या सालीकडे. मास्तरच्या मुलीचं लग्न ठरतं आणि ऐनवेळी मोडतं. मोडतो सुतार, मुलाकडच्यांकडे जाऊन काहीतरी बोलून येतो. मास्तर त्याला विचारतो, का? सुतार काही बोलत नाही. मास्तर विहिरीच्या मधोमध भिंत घालतो. बीजी म्हणाल्या, "ले, कुएँ में कौन दीवार डालता है." पण घातली होती. दोन बाजूंनी दोन बादल्या उतरायच्या आणि खाली पाण्यात त्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज यायचा. काही संवाद नाही, नुसता तो आवाज. आमच्या खोलीत कूलरची घरघर तेवढी.

वर्षं जातात. सुतार दूर नदीपलीकडे राहायला जातो, आजारी पडतो. कुणीतरी गावात येऊन सांगतं. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करतो, पुस्तक धरून बसून राहतो. आणि मग त्याची बायको ओसरीवर येते. मी वाचत होते, तंद्रीतच म्हणा ना, "वो कह रही है, शादी उसने अपने मन से नहीं तोड़ी. लड़का ख़राब था. मुझे पता था, तुम मेरी सुनते नहीं. मैंने उसके पाँव पकड़े. और वचन लिया, कि मेरा नाम नहीं लेगा."

आई उठली. मांडीवर भाजीची परात होती, भेंड्या चिरत होती, ती परात तशीच जमिनीवर ठेवली आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. पडदा बाजूला केला. नाना पेपरआड.

"ऐकलंत?" आई म्हणाली. "तसंच आहे आपल्याकडे."

नाना म्हणाले, "काय?"

"बंडूभावजींचा अर्ज. अण्णांनी मनानं नाही केला. मी करायला लावला."

"हळू बोल. बाहेर लोक आहेत."

"दोन वर्षं हळूच बोलत आले." आईचा आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त भीतीचं होतं. "मागच्या ब्लॉकमध्ये इन्स्पेक्टर आला आणि त्यांचा पाहुणा दुसऱ्या दिवशी गेला. मला वाटलं आपल्याकडेही तसंच होईल. तेवढंच होईल. मेमोबिमो मला काय माहीत. अण्णा नको म्हणत होते. मी त्यांच्या दारात बसले आणि उठेना, तेव्हा त्यांनी मशीन काढलं. आणि माझं नाव घ्यायचं नाही अशी मीच शपथ घातली."

"तू?"

"मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तापात पोळ्या लाटताना तीनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, चार दिवस कळ काढ."

माझी आई. जी दूधवाल्याशी दूध पातळ का म्हणून विचारायला मला पुढे करायची, तिने माझ्या बापाविरुद्ध सरकारला अर्ज केला होता. आणि मग दोन वर्षं त्याच माणसाला वाढत होती, त्याच टोपलीत अण्णांसाठी शिरा ठेवत होती. ज्या बाईच्या कुशीत मी झोपले, तिच्या पोटात एवढं काही आहे याचा मला वासही नव्हता. माझं तोंड वाचत राहिलं. खरंच, मी वाचत होते. बीजींना मराठी कळत नव्हतं, त्यांचं लक्ष पडद्यावर. मामींना कळत होतं. मामी उठल्या नाहीत, फक्त सरकून माझ्याजवळ आल्या आणि माझा गुडघा घट्ट धरला. तेव्हा मला कळलं की मामींना पहिल्यापासून माहीत होतं. जिन्यात मला सोडून सगळ्यांना काही ना काही माहीत होतं असं मला वाटायला लागलं.

पडद्यावर मास्तर धावत होता. अनवाणी, शेताच्या बांधावरून, नदीपर्यंत. नाव पलीकडे. तो हाका मारतो. नाव येते. त्याने नावेत पाय टाकला आणि लाइट गेली.

पडदा काळा, कूलर बंद. बीजी म्हणाल्या, "सत्यानास." आणि त्या शांततेत नाना आतून बाहेर आले. बनियन आणि पायजमा. कुणाकडेही न बघता, बायकांमधून वाट काढत, चप्पल न घालता जिना उतरून गेले. खालचं दार वाजलं. आम्ही कान लावून बसलो. काही आवाज नाही, ना भांडणाचा, ना कशाचा. मग बऱ्याच वेळाने मामींच्या फिल्टरचं झाकण वाजलं. मामींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कॉफी वो बना रहा है. सब दूध जलाएगा." तरी गेल्या नाहीत. अर्ध्या तासाने उठल्या.

नाना संध्याकाळी वर आले. आई ओट्याशी उभी होती, पाठ करून. नाना पाटावर बसले. आईने ताट वाढलं. मला वाटलं आता काहीतरी होणार. भूकंपाआधी पाखरं गप्प होतात म्हणतात, तशी मी भिंतीला चिकटून. आईने वरण वाढता वाढता, इतकं सगळं झाल्यावर, एवढंच विचारलं, "शेवट काय झाला त्या सिनेमाचा? अण्णांनी सांगितला असेल ना. तो पोचला का वेळेवर?"

नाना एक घास जेवले. मग म्हणाले, "पोचला. भेटले दोघं."

आई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. नाना जेवत राहिले. ताट धुतलं, पेपर घेतला. त्या अर्जाबद्दल नाना नंतर एक शब्द बोलले नाहीत. रागाने नाही, मायेने नाही, थट्टेतसुद्धा नाही. गुरुवारी दोघं मित्र एका टॅक्सीत बसून स्टेशनवर गेले, वर्षाआड नाना मद्रासला जात राहिले, ते सगळं छान झालं. पण आईचं काय? या माणसाने मित्राला जवळ केलं, बायकोला मात्र नुसतं सोडून दिलं, असं मी समजत होते. माझं लग्न झालं, फरीदाबादला घर झालं, रेवा झाली, तरी ते समजणं माझ्या मनात तसंच होतं. नाना गेले तेव्हासुद्धा. मी त्यांच्यासाठी रडले, पण थोडी अडूनच.

आई तो सिनेमा जन्मभर, अगदी जाईपर्यंत सांगायची. पाहुणा आला (पाहुणे नंतरही यायचे, पण आता नाना आधी आईला विचारायचे, हे मी का नोंदलं नव्हतं कोण जाणे), की जेवताना आई सुरू, "काय सिनेमा होता. विहिरीत भिंत." बादल्यांचा आवाज ती डावाने वाटीवर करून दाखवायची. रेवाला तर झोपवताना हीच गोष्ट. आणि शेवटाला आली की नानांकडे वळून, "पोचला ना हो तो?" नाना ताटातून मान वर न करता, "पोचला, पोचला. वाढ आता."

मागच्या महिन्यात रेवा म्हणाली, "आई, आजीचा तो कुएँवाला सिनेमा मिळाला. कुणीतरी साफ करून टाकलाय नेटवर." आम्ही दोघी दुपारी बसलो. मी चष्मा पुसून, आता कुणाला सांगायचं नव्हतं, तर माझ्यापुरत्याच ओळी वाचत. रंध्याची साल, विहीर, बादल्या, सगळं जसंच्या तसं. इतका जुना सिनेमा, पण त्या बादल्या आपटल्या आणि रेवाने माझा हात धरला. ओसरी आली. बायको बोलली. मास्तर धावला. त्याने नावेत पाय टाकला. आणि चाळीस वर्षांनी पहिल्यांदा पुढचं दिसलं.

नाव नदीच्या मध्यावर येते. मास्तर उभा आहे, पलीकडे बघतोय. पलीकडच्या काठावर भर दुपारी पुरुष माणसं आंघोळीला उतरलीयत, मयताहून परतल्यावर उतरतात तशी. पंधरा-वीस जण, सगळे एकदम, कुणी कुणाशी बोलत नाही. नावाडी वल्हवायचं थांबतो. मास्तर हळूच नावेत खाली बसतो. संपलं.

रेवा म्हणाली, "आजीने चुकीचं सांगितलं?"

मी फोन घेतला आणि मामींना लावला. मामी आता पुतणीकडे असतात, नव्वदीला टेकल्या, ऐकू कमी येतं, पण माझा आवाज ओळखतात. म्हटलं, "मामी, त्या दिवशी अण्णांनी नानांना सिनेमाचा शेवट काय सांगितला? नावेवाला. लाइट गेली होती."

मामींना आठवायला क्षणभरही लागलं नाही. "बराबर बताया. अण्णा ने वो फ़िल्म गाँव में चार बार देखा था. मैं आई तो दूध जल गया था, और वो बोल रहा था, चिटणीस, वो लोग नहाती है, सब नहाती है. तेरा नाना इतना रोया, सुमी. खोके पे बैठ के. मैं बर्तन बाँधती रही, क्या करती."

"मग आईला..."

"फिर मुँह धोया. बोला, मणी, ऊपर किसी को ये मत बताना. वो पूछेगी. उसको मैं बोलूँगा, पहुँच गया. वचन लिया अण्णा से. मेरे से भी लिया." मामी जराशा हसल्या. "अण्णा बोला, चिटणीस, तुम्हारे घर में सब मेरे से ही वचन लेते हैं."

फोन ठेवला. रेवा चहा करायला आत गेली होती. पडद्यावर पहिल्याच चित्रात थांबलेला सिनेमा पुन्हा लागायची वाट बघत होता. मी तिथेच बसून होते आणि मला नाना दिसत होते, पाटावर, ताटावर वाकलेले. तीस वर्षं. पाहुण्यांसमोर, माझ्यासमोर, झोपाळलेल्या रेवासमोर. दर वेळी त्यांना ती न्हाणारी माणसं दिसत असतील. मान वर का करत नव्हते, ते आत्ता कळतंय. आई डाव हातात धरून वाट बघतेय, आणि नाना म्हणतायत, पोचला, पोचला. वाढ आता.